घर विकणे आहे, प्लॉट नव्हे!

कोकणातलं आजोळ विकायला काढायचं म्हणजे नुसता बोर्ड लावून भागत नाही. कौलं परतावी लागतात, माळा उपसावा लागतो, विहीर साफ करावी लागते. आणि हे सगळं करता करता एक गोष्ट लक्षात येते. घर नीटनेटकं करताना आपण गिऱ्हाईकही निवडत असतो!

दापोली मागे टाकून गाडी समुद्राच्या दिशेने उतरायला लागली की दोन गोष्टी दिसायला लागतात. एक म्हणजे माडांचे शेंडे आणि दुसरी म्हणजे बोर्ड. 'सी व्ह्यू प्लॉट', 'सेकंड होमसाठी उत्तम', 'क्लिअर टायटल', आणि मध्येच एखाद्या गडग्यावर खडूने लिहिलेलं 'घर विकणे आहे', खाली मोबाइल नंबर. तो नंबर बहुतेक वेळा बोरिवलीला, ठाण्याला किंवा कोथरूडला वाजतो.

तुमच्या आडनावाला 'कर' लागत असेल तर पुढचं सांगायला नको. गणपतीत आणि मे महिन्यात उघडणारं एक घर प्रत्येकाच्या खानदानात असतं. आजी-आजोबा असतात तोपर्यंत ते 'गावचं घर' असतं. ते गेले की ती 'प्रॉपर्टी' होते. मग फॅमिलीचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, वर्षभर त्यावर गुड मॉर्निंग पडत राहतं, आणि एक दिवस कुणीतरी हळूच विचारतं, "घराचं काय करायचं?"

आमच्याकडे तो प्रश्न मोठ्या मामाने विचारला. आंजर्ल्यातलं माझं आजोळ. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, कोपऱ्यात देवघर, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे विहीर आणि नारळ-पोफळीची वाडी. वारस चार : दोन मामा, मावशी आणि माझी आई. चौघंही साठीच्या पुढे, चौघंही शहरात. आजी गेल्यानंतर तीन पावसाळे घर बंद होतं. कोकणात तीन पावसाळे बंद राहिलेलं घर म्हणजे काय, हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल.

एजंट आला, घर न उघडताच वाडीत एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, घराचं काही धरू नका. पाडायचा खर्च उलट तुमच्याच अंगावर. गुंठ्याचा रेट बोला." मामाला ते पटलं. हिशेब सोपा होता. आईला मात्र ते भलतंच लागलं. ती म्हणाली, "दादा, विकू नको असं मी म्हणत नाही. पण बघायला येणाऱ्याला निदान घर दिसू तरी दे. मग त्याला पाडायचं तर पाडू दे."

ठरलं असं की मे महिन्यात तीन आठवडे घर नीट करायचं आणि मग दाखवायला काढायचं. मी फ्रीलान्सर, त्यामुळे 'तुला काय, कुठूनही काम करता येतं' या कॅटेगरीतली. लॅपटॉप घेऊन मीही निघाले.

आधी वास, मग बाकी सगळं

शहरात फ्लॅट विकताना लोक आधी रंग काढतात. कोकणातल्या घराचा पहिला प्रॉब्लेम रंग नाही, वास आहे. दार उघडलं की ओल, वटवाघळं आणि जुन्या गोधड्या यांचा मिळून एक कुबट भपकारा येतो. येणारं गिऱ्हाईक उंबऱ्यातच ठरवून टाकतं, की हे घर मेलंय.

त्यावर रूम फ्रेशनर चालत नाही. शेजारच्या काकूंनी इलाज सांगितला, "दारं-खिडक्या आठ दिवस सताड उघड्या ठेव आणि चूल पेटव, बाय." आम्ही रोज सकाळी मागच्या पडवीतल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवायला लागलो. धुराने वाशांमधले किडे हलतात, लाकूड कोरडं राहतं. जुन्या घरांची लाकडं काळी दिसतात ती घाण नसते, ते कित्येक वर्षांचं राखण असतं. पाचव्या दिवशी वास गेला. आठव्या दिवशी घराला परत घराचा वास यायला लागला.

माळा उपसताना

दुसरा टप्पा म्हणजे माळा. प्रत्येक माळ्यावर सापडणाऱ्या वस्तूंची यादी ठरलेली असावी : तळ गेलेले हंडे, दोन कंदील, सुपं, पाळण्याचे सुटे दांडे, गणपतीच्या मखराचे थर्माकोल, जुनी पंचांगं, लग्नात आलेली आणि कधीच न उघडलेली लेमन सेट्स. येणाऱ्याला खोली दिसायला हवी, आपला संसार नाही, हा या सगळ्या प्रकारातला मूळ फंडा. म्हणून वस्तूंचे चार ढीग केले : घेऊन जायच्या, देऊन टाकायच्या, मोडीत घालायच्या आणि भांडायच्या.

चौथा ढीग सगळ्यात मोठा झाला.

तांब्याच्या एका घंगाळावर पणजीचं नाव कोरलेलं होतं. ते मावशीला हवं होतं आणि आईलाही. शेवटी ते कुणीच नेलं नाही. घासून, चिंच लावून लख्ख केलं आणि ओटीवर पाण्याचं भांडं म्हणून ठेवलं. पुढे बघायला आलेल्या प्रत्येकाने पहिला फोटो त्याचाच काढला! थोडक्यात काय, तर घर रिकामं करायचं म्हणजे भकास करायचं नाही. ओटीवरचा झोपाळा ठेवा, देवळी ठेवा, एखादं भांडं ठेवा. लोखंडी कपाटं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि तीन पिढ्यांच्या गाद्या तेवढ्या हलवा.

खरी कसोटी ओटीवरच्या फोटोंची होती. भिंतीवर ओळीने सहा फोटो, त्यातल्या चारांना चंदनाचे हार. एजंटचा सल्ला स्पष्ट होता, "ते आधी काढा. लोकांना वाटतं घरात माणसं गेलीत." मावशी म्हणाली, "मग काय गेली नाहीत?" दोन दिवस कुणी त्या भिंतीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मावशीनेच स्टूल घेतलं, फोटो उतरवले, पुसले आणि चौघांत वाटून दिले. मागे भिंतीवर सहा फिकट चौकोन राहिले. त्यांच्यावर चुना मारायला कुणी तयार होईना. ते काम शेवटी गवंड्याने केलं, त्याला काहीच माहीत नव्हतं म्हणून.

डोक्यावरचं छप्पर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांनाही त्याने सोडलं नाही. घरांवरची कौलं उडाली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर हाताशी यायला पाच-सात वर्षं जातात, त्यामुळे ज्यांच्या बागा गेल्या त्यांचं उत्पन्न एका दुपारी गेलं. त्या वर्षी पाऊस डोक्यावर होता आणि कौलं मिळत नव्हती. अनेकांनी जे मिळाले ते पत्रे ठोकले. आमच्या पुढच्या पडवीवरही तेव्हाच एक निळा पत्रा बसला होता.

तो पत्रा काढायचा की नाही यावर मामाची कुरकुर होती, "विकायचंय ना? मग खर्च कशाला?" प्रश्न बरोबर होता. विकायच्या घरावर किती खर्च करायचा, याचं आम्हाला सापडलेलं उत्तर असं : जे पाण्याला अडवतं आणि जे पहिल्या नजरेला पडतं, तेवढंच करायचं. छप्पर दोन्हीत बसत होतं. मिस्त्री आला, त्याने कौलं उतरवून परतली, फुटकी बदलली, दोन वासे आणि कुजलेल्या रिपा नव्या घातल्या. मागच्या पडवीची चांगली कौलं पुढे आली आणि पत्रा मागे गेला. माजघर अंधारं होतं, तिथे छपरात दोन काचेची कौलं बसवली. सकाळी दहा वाजता उन्हाचा एक कवडसा थेट देवघराच्या दारात पडायला लागला. सगळ्या दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त काम हेच होतं आणि बघायला आलेल्या बायका सगळ्यात जास्त वेळ उभ्या राहिल्या त्या तिथेच.

रंगाच्या बाबतीत एकच सांगते. जांभ्याला ऑइल पेंट लावू नका. जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, करवतीने कापता येतो. हवा लागली की कडक होतो. तो दगड श्वास घेणारा आहे. वरून चकचकीत रंग मारला की आतली ओल आतच राहते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात. मागे कधीतरी, बहुधा कुणाच्या तरी लग्नात, आमच्या दर्शनी भिंतीला पिस्ता कलर फासला गेला होता. तो खरवडायला दोन गडी तीन दिवस लागले. पण खालून जो तांबूस चिरा निघाला, त्यावर कुठलाही इंटिरिअर डिझायनर फिदा होईल.

लपवायचं काय? काहीच नाही

माजघराच्या एका खांबाला वाळवी लागली होती. मिस्त्रीने दोन ऑप्शन दिले : खांब बदला किंवा वरून प्लायवूड मारून पॉलिश करा. दुसरा ऑप्शन स्वस्त. मोठ्या मामाने, ज्याला घराचं काही धरायचंच नव्हतं, त्यानेच तो नाकारला. "उद्या कुणी पाडणार असेल तर त्याला फरक पडत नाही," तो म्हणाला, "पण राहणार असेल तर त्याच्या पोरांच्या डोक्यावर पडेल." त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात 'राहणार असेल तर' आलं. खांब बदलला, आणि त्याचा जुना तुकडा बघायला येणाऱ्यांना दाखवायला ठेवून दिला.

तीच गोष्ट पाण्याची. हुशार लोक कोकणातलं घर गणपतीनंतर दाखवतात. सगळं हिरवंगार, विहीर काठोकाठ. फोटो तेव्हाच काढा, जरूर काढा. पण पाणी मे महिन्यातच दाखवा. बाकीचे महिने कुठल्याही विहिरीला पाणी असतंच. आम्ही विहिरीतला गाळ काढला, कठड्याभोवतीचं रान साफ केलं, रहाटाला नवा दोर लावला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तळाशी पुरुषभर पाणी होतं. जाहिरातीत 'सी व्ह्यू'च्या आधी ते लिहिलं.

संडास घराबाहेर, वाडीच्या टोकाला होता. शहरातल्या माणसाला रात्री बॅटरी घेऊन तिकडे जायची कल्पनाही सहन होत नाही. नवीन बांधायला बजेट नव्हतं. म्हणून मागच्या पडवीत कुठे बसेल, पाइप कुठून जाईल, एवढं मिस्त्रीकडून कागदावर काढून घेतलं. 'करता येईल' हे तोंडाने सांगणं वेगळं आणि नकाशावर दाखवणं वेगळं.

कागदांचीही साफसफाई

घर कितीही चकाचक करा, सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव असेल तर येणारा शहाणा माणूस चहा पिऊन निघून जातो. आजोबांच्या पश्चात वारसांची नोंद झाली होती, आजीच्या पश्चात राहिली होती. ती तलाठ्याकडे अर्ज करून फेरफारात आणली. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरपट्टीच्या पावत्या, विजेचं बिल, सगळं एका फायलीत लावलं. वाडी शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती घेणारा सर्वसाधारणपणे शेतकरीच असावा लागतो, हे कित्येक हौशी गिऱ्हाइकांना व्यवहार ठरल्यावर कळतं. ते त्यांना पहिल्याच फोनवर सांगून टाका. समुद्राजवळ असाल तर सीआरझेडचंही तसंच. भरतीरेषेपासून घर किती लांब, नवीन काय बांधता येईल आणि काय नाही, हे तोंडी आश्वासनावर ठेवू नका.

एक नाजूक गोष्ट. अशा वेळी बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद 'फक्त सोयीसाठी' सरकवला जातो. सहीला एकच माणूस असला की बरं पडतं, वगैरे वगैरे. आमच्याकडेही तो विषय निघाला. आई एवढंच म्हणाली, "सही चौघांची राहू दे. मलाही एकदा यायला मिळेल त्या ऑफिसात, वडिलांच्या घरासाठी." विषय तिथेच संपला.

कोण कोण आलं?

घराचे फोटो सकाळी सात ते नऊच्या उन्हात काढले. आदल्या दिवशी काकूंनी अंगण शेणाने सारवून दिलं, तुळशीपुढे रांगोळी काढली. जाहिरातीत आईने एकच शब्द बदलायला लावला. एजंटने लिहिलं होतं, 'घरासह प्लॉट विकणे'. तिने केलं, 'वाडीसह घर विकणे आहे'.

गंमत बघा, तेवढ्याने येणारी माणसं बदलली. आधी फोन यायचे ते 'फ्रंटेज किती, गाडी आत येते का, एकूण किती गुंठे' असे. आता लोक विचारायला लागले, 'झोपाळा राहणार का? चूल चालू आहे का?' पुण्याचं एक आयटीतलं जोडपं आलं, त्यांना होम-स्टे काढायचा होता. या पट्ट्यात ते नवीन नाही. वेळासला आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडली जातात, ती बघायला गर्दी होते आणि गावातल्या घरांतच लोक उतरतात. त्यांनी प्रत्येक खोलीत किती बेड बसतील ते मोजलं. मग एक बिल्डर आला, त्याने काहीच मोजलं नाही, आकडा सांगितला. तो सगळ्यात मोठा होता.

आणि एक निवृत्त शिक्षिका आल्या, चिपळूणच्या, सोबत मुलगा आणि सून. बाईंनी विहिरीत डोकावून पाहिलं, वाळवीच्या खांबाचा तुकडा हातात घेऊन बघितला, कवडशात थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग विचारलं, "शिमग्याला पालखी येते का हो या घरी?"

आम्ही घासलं, खरवडलं, सारवलं, कागद लावले. पण हे सांगायचं कुणाच्याच यादीत नव्हतं. ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात घरोघर जाते, या ओटीवरही टेकते. घर बंद होतं त्या तीन वर्षांत ती कुलूपबंद दारासमोर थांबून पुढे गेली, असं काकूंनी सांगितलं. बाईंना कुणीतरी 'हो, येते' म्हणायला हवं होतं. मोठा मामा म्हणाला. आणि मग पालखी कुठल्या बाजूने येते, कुठे ठेवतात, ओटी कोण भरायचं, हे तो अर्धा तास सांगत बसला. मी त्याला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

बिल्डरचा आकडा आणि बाईंचा आकडा यांत फरक होता. चार वारसांत वाटला तरी जाणवेल एवढा. माजघरात बसून चौघं रात्री उशिरापर्यंत बोलले. धाकट्या मामाच्या मुलीचं शिक्षण बाहेर चाललंय, त्याला पैशांची गरज खरी होती आणि ते त्याने मोकळेपणाने सांगितलं. शेवटी बाईंनी थोडं वाढवलं, मोठ्या मामाने आणि आईने आपल्या वाट्यातलं थोडं धाकट्याकडे वळवलं, आणि घर बाईंकडे गेलं. भावनेने झालं असं मी म्हणणार नाही. घर पाडणाऱ्यालाच बोलवायचं असतं तर काही करायची गरजच नव्हती. तीन आठवडे राबून आम्ही राहणाऱ्याला बोलावलं होतं, आणि तो आला.

घर विकल्याचं दुःख होतंच, ते काही कौलं परतून जात नाही. गणपती आता बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये बसतो. पण आई आता गावातल्या लोकांशी फोनवर 'आमचं घर' म्हणत नाही, 'बाईंचं घर' म्हणते, आणि तिच्या आवाजात कडवटपणा नसतो. विकणाऱ्याला याहून चांगला भाव मिळत असेल असं मला वाटत नाही.

बघायला जाताय?

कसं जाल : पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत दापोली. मुंबईहून गोवा हायवेने, किंवा कोकण रेल्वेने खेडला उतरून पुढे एसटीने. दापोलीहून आंजर्ल्याला एसटी आहे.

काय बघाल : कड्यावरचा गणपती. वरून माडांची बनं आणि समुद्र एका नजरेत. संध्याकाळी हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग.

घर घ्यायचं असेल तर : मे महिन्यात विहीर बघा, जुलैत छप्पर बघा. सातबारा, फेरफार आणि नमुना आठ मागा, सगळ्या वारसांच्या सह्या होणार आहेत ना ते विचारा. आणि शेजारच्या काकूंशी बोला. एजंटला गुंठे माहीत असतात, काकूंना घर माहीत असतं.